व्हीएममधून नेटवर्क मोजताना टायमरवर किती विसंबायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. केव्हीएमवर (लिनक्समधली व्हीएम चालवणारी यंत्रणा) दोन लिनक्स व्हीएम (आभासी मशीन, म्हणजेच गेस्ट) आहेत, दोन वेगळ्या होस्टवर (व्हीएम ज्यावर चालतात ती खरी मशीन), आणि मध्ये १ जीबीपीएसचा स्विच. टीसीपीला ९४१ एमबीपीएस मिळतात. पण आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या टूलने यूडीपी (हरवलेलं पॅकेट पुन्हा न पाठवणारा प्रोटोकॉल) ५०० एमबीपीएसवर चालवलं की १.८ टक्के पॅकेट लॉस दिसतो. पिंग एरवी ठीक असतं, मधूनच १४ मिलिसेकंदांवर जातं. त्याच होस्टवरच्या विंडोज व्हीएममधलं जुनं टूल आरटीटी (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) एकतर ० दाखवतं नाहीतर १५-१६ मिलिसेकंद. नेटवर्क टीम म्हणते की स्विचच्या पोर्टवर एकही ड्रॉप नाही. मग हा टायमर रिझोल्यूशनचा घोळ आहे का, आणि गेस्टचा कर्नल १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार टिक (टायमरचे ठोके) देणारा, करून घ्यावा का?

कर्नलला हात लावू नका. नेटवर्क टीम बहुधा खरं बोलते आहे. घोळ टायमरचाच आहे, पण तुम्ही ज्याला रिझोल्यूशन म्हणताय त्याचा नाही. व्हीएममध्ये घड्याळ सहसा चांगलं चालतं, दगा देतो तो गजर. आत्ता किती वाजले हे विचारणं वेगळं, आणि अमुक वाजता मला उठव हे सांगणं वेगळं. ‘टायमर रिझोल्यूशन’ या एका नावाखाली दोन्ही खपतात, आणि म्हणूनच अशा चर्चा भरकटतात.

आधी घड्याळ उरकून घेऊ. गेस्टमध्ये सिसएफएसमधल्या (कर्नलची माहिती फाईलींच्या रूपात दाखवणारी जागा) क्लॉकसोर्सच्या फोल्डरात सध्याचा क्लॉकसोर्स, म्हणजे कर्नल वेळ कुठून वाचतो ते, लिहिलेलं असतं. तिथे केव्हीएम-क्लॉक किंवा टीएससी दिसलं तर निश्चिंत राहा. दोन्ही प्रोसेसरमधल्या टीएससी या वेळ मोजणाऱ्या काउंटरवरच चालतात, आणि वेळ वाचायला व्हीडीएसओमुळे (कर्नलने प्रोग्रामच्या मेमरीतच ठेवलेला कोड) सिस्टिम कॉलही लागत नाही, काही दहा नॅनोसेकंदांत काम होतं. तिथे एचपीईटी किंवा एसीपीआय पीएम टायमर (प्रोसेसरबाहेरची, मदरबोर्डवरची घड्याळं) दिसला तर मात्र थांबा. पीएम टायमर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे त्याची एक पायरी साधारण २७९ नॅनोसेकंदांची. १ जीबीपीएसवर पूर्ण आकाराची फ्रेम तारेवर १२.३ मायक्रोसेकंद घेते, तेव्हा ही पायरी काही मोठी नाही. अडचण किमतीची आहे. हे घड्याळ व्हीएमसाठी सॉफ्टवेअरमध्ये नकलून दिलेलं असतं. प्रत्येक वाचनाला गेस्टमधून बाहेर पडायचं, बहुधा थेट क्यूईएमयूपर्यंत (व्हीएमचं हार्डवेअर नकलणारा होस्टवरचा प्रोग्राम) जायचं आणि परत यायचं. एका वाचनाला दोन मायक्रोसेकंद धरा. १ जीबीपीएसवर पूर्ण आकाराच्या फ्रेम सेकंदाला ८१,००० च्या आसपास येतात. प्रत्येक पॅकेटला दोनदा वेळ वाचणारं टूल असेल, तर एका कोअरचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसतं घड्याळ बघण्यात जातो. मोजमाप करणाराच मोजमापाच्या आड येतो तो असा.

चांगला चाललेला टीएससी कर्नल मध्येच का सोडतो? कर्नलचा पहारेकरी दोन घड्याळांची तुलना करत असतो. त्या दोन वाचनांच्या मध्येच होस्टने व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी प्रोसेसर) बाजूला काढला तर पहारेकऱ्याला वाटतं की टीएससीच चुकतोय, आणि तो टीएससीवर ‘अनस्टेबल’ असा शिक्का मारतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) ती ओळ सापडते. टेस्ट चालू असताना लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) किंवा स्नॅपशॉट झाला असेल तर त्या वेळचे आकडे सरळ फेकून द्या.

विंडोजचं कोडं त्याहून सोपं आहे. विंडोजची नेहमीची टिक १५.६२५ मिलिसेकंदांची, सेकंदाला ६४. जुनी टूल्स गेटटिककाउंटने वेळ वाचतात, आणि तो आकडा टिकनेच पुढे सरकतो. ०.३ मिलिसेकंदांचं पॅकेट एका टिकच्या आत गेलं-आलं तर शून्य, टिकची सीमा ओलांडली तर १५ किंवा १६. अशा वाचनांचं पुरेसं मोठं सरासरीकरण केलं, तर पॅकेट सोडण्याची वेळ टिकशी बांधलेली नसेल तोवर सरासरी बऱ्यापैकी खरी निघते. मात्र कमाल, किमान आणि जिटर (पॅकेटांच्या वेळेतला चढउतार) हे तिन्ही निरर्थक. क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर (विंडोजचं बारीक घड्याळ) वापरणारं टूल घ्या, आणि त्या व्हीएमच्या लिबव्हर्ट फाईलमध्ये (होस्टवरची व्हीएमची मांडणी) हायपरव्ही क्लॉक चालू व एचपीईटी बंद आहे ना, ते पाहा. त्याच विंडोजमध्ये एक मिलिसेकंद झोपून एकेक पॅकेट सोडणारं टूल असेल, तर हजार पॅकेटांची अपेक्षा ठेवून हाती सेकंदाला ६४ येतात. हा गजराचा दोष आहे, घड्याळाचा नाही. गेमिंगच्या व्हिडिओंमध्ये बीसीडीएडिटने (विंडोजचे बूट पर्याय बदलणारी कमांड) ‘प्लॅटफॉर्म क्लॉक’ सक्तीने चालू करायचा सल्ला असतो, तो व्हीएमसाठी तर अजिबात ऐकू नका. त्याने वर सांगितलेलं महाग वाचन तुम्ही स्वतःच ओढवून घ्याल.

आता गजर. खरी गंमत इथे आहे.

गेस्टमधला प्रोग्राम म्हणतो, मला १०० मायक्रोसेकंदांनी उठव. लिनक्स साध्या प्रोसेसच्या बाबतीत आधीच ५० मायक्रोसेकंदांची सवलत स्वतःला घेतो, याला टायमर स्लॅक म्हणतात. मग गेस्टचा कर्नल लोकल एपिकच्या (प्रत्येक कोअरचा इंटरप्ट सांभाळणारा भाग) टायमरमध्ये वेळ भरतो. ही लिहिण्याची क्रिया होस्ट अडवतो आणि स्वतःकडे टायमर लावतो. गेस्टला दुसरं काही काम नसतं, तो हॉल्ट होतो, आणि व्हीसीपीयू म्हणजे होस्टच्या दृष्टीने शेवटी एक थ्रेड, तो झोपतो. वेळ झाली की होस्टचा टायमर वाजतो, थ्रेड जागा होऊन होस्टच्या शेड्युलरच्या रांगेत उभा राहतो, नंबर लागला की गेस्टमध्ये शिरतो, गेस्टला इंटरप्ट मिळतो, गेस्टचा शेड्युलर तुमच्या प्रोग्रामला उठवतो. यातल्या रांगेचा भाग सोडून बाकी सगळं मिळून सहसा काही दहा मायक्रोसेकंदांत आटोपतं. रांगेला मात्र वरची मर्यादा नाही. त्या कोअरवर दुसऱ्या व्हीएमचा व्हीसीपीयू राबत असेल तर तुमचा व्हीसीपीयू काही मिलिसेकंद, कधी दहा-वीस मिलिसेकंद ताटकळतो. तुमचे पिंगचे १४ मिलिसेकंद याच जातीचे वाटतात.

त्यातून व्हीएमवर सीपीयूचा कोटा लावलेला असेल तर आणखी एक नमुना दिसतो. कोट्याचा नेहमीचा कालखंड १०० मिलिसेकंदांचा. २० टक्के कोटा असलेला एका व्हीसीपीयूचा गेस्ट २० मिलिसेकंद जोरात पळाला की उरलेले ८० गप्प बसतो. लेटन्सीच्या आलेखात ८० च्या आसपास उंचवटा दिसला की नेटवर्क विसरा आणि होस्टवर सीग्रुपच्या (कोटा लावणारी लिनक्सची सोय) आकडेवारीत थ्रॉटलचा काउंटर उघडा.

कर्नलच्या १००० हर्ट्झचा प्रश्न इथेच निकाली निघतो. एक्स८६ वर २००७-०८ पासून लिनक्समध्ये हाय-रिझोल्यूशन टायमर आहेत. झोपून उठण्याची बारीकी तेव्हापासून टिकवर अवलंबून राहिलेली नाही. टिक २५० वरून १००० केली तर राबणाऱ्या प्रत्येक व्हीसीपीयूला सेकंदाला चौपट वेळा थांबवलं जाईल आणि होस्टवरची गर्दी उलट वाढेल. रेडहॅट ५ च्या काळात कर्नल १००० हर्ट्झचा येत असे, तेव्हा व्हीएममध्ये ‘डिव्हायडर’ नावाचा बूट पर्याय देऊन तो मुद्दाम १०० वर आणायची पद्धत होती. तुम्ही नेमकी उलटी वाट धरताय.

आता तुमचे १.८ टक्के. यात हिशेब करता येतो, तर करूच.

आयपर्फ३ यूडीपी पॅकेटं समान अंतराने सोडत नाही. त्याचा पेसिंग टायमर (पाठवण्याचा वेग राखणारा) मुळात १००० मायक्रोसेकंदांचा असतो. दर मिलिसेकंदाला तो उठतो, आतापर्यंतची सरासरी ठरवलेल्या वेगापेक्षा कमी आहे का बघतो, आणि भरून निघेपर्यंत पॅकेटं ढकलत राहतो. ५०० एमबीपीएसला एका मिलिसेकंदाचे ६२,५०० बाइट होतात. १,४४८ बाइटचं एक पॅकेट धरलं तर ४३ पॅकेटं. म्हणजे सगळं उत्तम चालू असतानाही तारेवर अर्धा मिलिसेकंद पूर्ण वेगाची सर आणि अर्धा मिलिसेकंद शांतता. पाठवणारा व्हीसीपीयू १० मिलिसेकंद अडकला, तर उठल्यावर तो ४३० पॅकेटांची थकबाकी एका दमात चुकवतो. सरासरी बरोबर ५०० दिसते, आणि तुम्हाला वाटतं की आपण ५०० ने टेस्ट केली. ती थकबाकी तारेवरून जायला जे पाच मिलिसेकंद लागतात, तेवढ्यापुरती तुम्ही १ जीबीपीएसनेच टेस्ट केलेली असते.

घेणाऱ्या बाजूला अडकणं जास्त महाग पडतं. तिथला व्हीसीपीयू १० मिलिसेकंद बाजूला गेला तरी पॅकेटं येतच राहतात. काही व्हर्टआयओच्या (गेस्टचं आभासी नेटवर्क कार्ड) रिंगमध्ये (नेहमीचा आकार २५६), उरलेली होस्टवरच्या टॅपच्या (त्या कार्डाचं होस्टवरचं टोक) रांगेत. व्हीसीपीयू परतला की कर्नल ती सगळी उपसून सॉकेटच्या बफरमध्ये ओततो, आणि आयपर्फच्या प्रोसेसला अजून हाकही गेलेली नसते. बहुतेक डिस्ट्रोंवर हा बफर २,१२,९९२ बाइटचा असतो. नुसता डेटा मोजला तरी १४७ पॅकेटं. कर्नल प्रत्येक पॅकेटमागे डेटापेक्षा जास्त जागा हिशेबात धरतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी मावतात. ४३० पैकी तीनशेच्या घरात पॅकेटं इथे सांडू शकतात. ५०० एमबीपीएसला सेकंदाला साधारण ४३,००० पॅकेटं जातात, त्याचे १.८ टक्के म्हणजे ७७५ च्या आसपास. सेकंदाला असे दोन-तीन झटके बसले की तुमचा आकडा तयार.

‘पण टॉपमध्ये स्टील तर एकच टक्का दिसतो,’ असं तुम्ही म्हणाल. स्टील म्हणजे गेस्टला काम असूनही होस्टने त्याला सीपीयू न दिलेला वेळ. एक टक्का म्हणजे सेकंदात १० मिलिसेकंद. ते शंभर तुकड्यांत गेले तर कोणाला कळणारही नाही, सलग गेले तर वरचा पूर्ण परिच्छेद घडतो. सरासरी स्टील बघून व्हीएम निर्दोष ठरवणं हा या क्षेत्रातला माझ्या मते सर्वांत फसवा शॉर्टकट आहे.

आणि टीसीपीला का त्रास नाही? १ जीबीपीएसला १० मिलिसेकंदांचा डेटा १२.५ लाख बाइट. लिनक्सचा टीसीपी घेणारा बफर आपोआप वाढत जातो, कमाल मर्यादा सहसा निदान ६ एमबीच्या आसपास. झटका त्यात जिरतो, पाठवणारा थोडा थांबतो, पुन्हा सुरू होतो. १,५३८ बाइटच्या फ्रेममध्ये १,४४८ बाइट कामाचे, म्हणजे ९४.१ टक्के. तुमचे ९४१ एमबीपीएस म्हणजे तार पूर्ण भरलेली आहे. केबल, पोर्ट किंवा स्विच पॅकेटं खात असता तर टीसीपी या आकड्याच्या जवळपासही पोहोचला नसता. निव्वळ या एका आकड्यावरून मी नेटवर्क टीमच्या बाजूने झुकलो.

हे सगळं माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका, तपासायला अर्धा तास पुरे. घेणाऱ्या गेस्टमध्ये एनस्टॅट या कमांडने यूडीपीच्या रिसीव्ह बफर एररचा काउंटर टेस्टच्या आधी आणि नंतर बघा. फरक हरवलेल्या पॅकेटांइतका निघाला, तर पॅकेटं तुमच्या दारात येऊन हरवली आहेत. तो हलला नसेल, तर होस्टवर त्या गेस्टच्या व्हीनेट इंटरफेसचे (वर सांगितलेला टॅप) टीएक्स ड्रॉप बघा. होस्टच्या बाजूने टीएक्स म्हणजे गेस्टकडे जाणारी पॅकेटं, इथे भलेभले उलट वाचतात. मग आरमेम-मॅक्स (घेणाऱ्या बफरची कमाल मर्यादा) वाढवून आयपर्फला ४ एमबीची विंडो द्या आणि तीच टेस्ट पुन्हा चालवा. लॉस नाहीसा झाला तर निकाल लागला.

गजर किती उशिरा वाजतो हे मोजायला आरटी-टेस्ट्समधलं सायक्लिकटेस्ट आहे. दोन्ही गेस्टमध्ये एक मिलिसेकंदाच्या अंतराने, दहा मिनिटं, आणि मुद्दाम होस्टवर एरवी गर्दी असते त्या वेळी चालवा. त्याची कमाल जर ९ मिलिसेकंद आली, तर या व्हीएममधून मोजलेल्या ९ मिलिसेकंदांखालच्या कोणत्याही शिखराबद्दल तुम्ही नेटवर्कला काहीही विचारू शकत नाही. मी कुठल्याही लेटन्सी रिपोर्टसोबत हा आकडा मागतोच. तो नसेल तर पुढची पानं वाचत नाही.

आयपर्फच्या जिटरचंही एक सांगून ठेवतो. तो आकडा घासून काढलेला असतो, प्रत्येक नव्या पॅकेटच्या फरकाचा सोळावा हिस्सा त्यात मिसळत जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा एक झटका जिटरला ०.६ नी वर उचलतो आणि पुढच्या पन्नासेक पॅकेटांत तो जवळजवळ विरून जातो. शेवटी छापला जातो तो त्या क्षणाचा आकडा. साठ सेकंदांच्या टेस्टच्या तळाशी आलेला जिटर म्हणजे टेस्टच्या अगदी अखेरच्या काही मिलिसेकंदांची गोष्ट असते, साठ सेकंदांची नाही.

पिंगमध्ये आणखी एक जमेची-वजावटीची बाजू आहे. सेकंदाला एक पिंग टाकलं की दोन पिंगच्या मध्ये दोन्ही गेस्ट झोपतात, आणि होस्टचा प्रोसेसरही खोल सी-स्टेटमध्ये (वीज वाचवणारी झोप) जातो. प्रत्येक पिंग मग सगळ्यांना उठवण्याची किंमत मोजतं. केव्हीएम हॉल्ट झालेल्या व्हीसीपीयूला लगेच झोपवायचं टाळायला थोडा वेळ, एक्स८६ वर कमाल २०० मायक्रोसेकंदांपर्यंत, वाट बघत राहतो. म्हणून रूट होऊन फ्लड पिंग चालवलं तर किमान आरटीटी चक्क कमी दिसतो. ओझं वाढवल्यावर लेटन्सी घटली, तर ती लेटन्सी तारेतली नव्हतीच.

मग व्हीएममधून काय मोजावं? साठ सेकंदांचा टीसीपी थ्रुपुट खुशाल मोजा. सरासरी आरटीटी हवा असेल तर नेटपर्फची रिक्वेस्ट-रिस्पॉन्स टेस्ट घ्या. ती सेकंदाला किती फेऱ्या झाल्या एवढंच मोजते, २०,००० फेऱ्या म्हणजे सरासरी ५० मायक्रोसेकंद, यात घड्याळ कितीही जाडंभरडं असलं तरी फरक पडत नाही आणि गजर तर लागतच नाही. दोन्ही व्हीएम एकाच होस्टवर असतील तर थ्रुपुटही सोडून द्या. पॅकेटं तारेवर जातच नाहीत, ६४ केबीचे गठ्ठे मेमरीतून फिरतात, आणि २०-३० जीबीपीएस बघून लोक खुश होतात. गेस्टमधल्या टीसीपीडंपमध्येही (पॅकेटं पकडून दाखवणारं टूल) हेच गठ्ठे दिसतात, आणि त्यांच्यावरची वेळ गेस्टच्या कर्नलला पॅकेट दिसलं तेव्हाची असते. १९९८ च्या आरएफसी २३३० ने (इंटरनेटवर मोजमाप कसं करावं याचा दस्तऐवज) तारेवरची वेळ आणि होस्टवरची वेळ हा भेद स्पष्ट करून ठेवला आहे. व्हीएममध्ये या दोहोंतलं अंतर किती असेल याला धरबंद उरत नाही, एवढंच.

एकतर्फी डिले मोजायचा मोह टाळा. त्यासाठी दोन घड्याळं जुळलेली हवीत. पीटीपी-केव्हीएम ड्रायव्हरने गेस्टला होस्टचं घड्याळ मिळतं आणि क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) ते वापरू शकतो, पण दोन होस्ट आपसात एनटीपीने जुळवलेले असतील तर चूक दहा-शंभर मायक्रोसेकंदांची राहतेच, आणि तुमच्या स्विचमधला डिले मुळात त्याहून लहान. निगेटिव्ह डिले दिसायला लागतील.

यूडीपीचा लॉस आणि लेटन्सीची शेपटी खरंच हवी असेल तर व्हीसीपीयू ठरावीक कोअरना बांधा, ते कोअर इतर कामांपासून मोकळे ठेवा, व्हीहोस्टचे थ्रेड (गेस्टची पॅकेटं होस्टवर हलवणारे) वेगळ्या कोअरवर टाका, आणि पेसिंग आयपर्फवर न सोडता एफक्यू क्यूडिस्कला (लिनक्सच्या पाठवणाऱ्या रांगेचा एक प्रकार) करू द्या, तो थकबाकी एका दमात चुकवत नाही. एवढं करायला होस्टवर हक्क नसेल, तर तुमच्या हातात एकच प्रामाणिक उपाय आहे. त्याच दोन पोर्टना दोन साधी फिजिकल मशीन लावा, हार्डवेअर टाइमस्टॅम्प देणारं कार्ड असेल तर उत्तम, आणि हीच यूडीपी टेस्ट चालवा. तिथेही लॉस राहिला, आणि बफर एररचा काउंटर शांत असेल, तर नेटवर्क टीमकडे परत जा आणि ड्रॉपबरोबर सीआरसी एररचेही (वाटेत बिघडलेल्या फ्रेमचे) आकडे मागा.